इंजिन खाली करा

एका इंजिनाची सोडली, तर माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कधी कुणाच्या तब्येतीची चौकशी केली असेल असं मला वाटत नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. मला कावीळ झाली तेव्हा ते दवाखान्यात आले, खाटेच्या कडेला बसले आणि कार्बोरेटरविषयी मनसोक्त बोलले. निघताना त्यांना मी रुग्ण असल्याची आठवण झाली असावी. माझ्या डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखं पाहून ते सिस्टरना म्हणाले, "रंग ठीक नाही. ऑइल बदलायला पाहिजे." सिस्टरनी दचकून सलाइनकडे पाहिलं. दाजी मात्र थट्टा करत नव्हते.

ते परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये फिटर होते. इंदूरच्या मिला एकामागून एक बंद पडत गेल्या, तशी त्यांचीही पडली. त्यांचे वडील महूच्या लष्करात होते, त्यामुळे छावणीतली थोडीफार माहिती घरात होती. दाजींनी महूच्या लिलावात लष्करानं मोडीत काढलेला एक जुना वन-टन ट्रक उचलला आणि मानपुरकडचे बटाटे इंदूरच्या मंडईत आणायचा धंदा सुरू केला. ट्रकचं इंजिन पेट्रोलचं, सहा सिलिंडरचं, अंगानं आटोपशीर आणि वयानं जवळजवळ माझ्याएवढं. शहरात तेव्हा रोज नवी मोटार दिसायची, पण दाजींना त्या मोटारी दिसतच नसत. "भिया, ये सब डब्बे हैं," ते इंदुरी थाटात म्हणत. "इकडे हात लावा. लोखंड आहे, लोखंड!" हात लावला की चटका बसे आणि त्यांना आनंद होई.

मी सरकारी कचेरीत कारकून. दाजींची मिल गेली आणि माझी नोकरी राहिली, यात माझा काही अपराध नव्हता. तरीही पगाराच्या आठवड्यात त्यांच्याकडे जायचं मी टाळत असे. स्कूटर घेतली, तर ती त्यांच्या दारात न्यायचा मला धीर होईना. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानामागे ती लावून मी चालत गेलो आणि रिक्षानं आल्याचं सांगितलं. दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "रिक्षा? अहो साहेब, तुमच्या रिक्षाचा सायलेन्सर खडखडतोय. गल्लीत शिरताना ऐकलं मी." मग त्यांनी मला स्कूटर आणायला लावली आणि सायलेन्सर नीट करून दिला. माझ्या चोरटेपणाबद्दल एक अक्षर काढलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या इंजिनाची बडदास्त राजेशाही होती. सकाळी त्याचं तेल पाहिल्याशिवाय दाजी चहाला शिवत नसत. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये चोळायचा, हुंगायचा, मग डोळे मिटून गप्प राहायचं. तेवढ्या वेळात घरात कुणी भांडं आपटलं तर त्यानं बोलणी खायची. बॉनेटवर पोह्यांची प्लेट ठेवलेली त्यांना खपत नसे. एकदा मी शेवेची पुडी ठेवली, तर म्हणाले, "कुणाच्या डोक्यावर ठेवता का तुम्ही सेव?" जुन्या रेडिएटरच्या जागी मोठा आला, चिंधीसारख्या तेलगाळणीच्या जागी नव्या पद्धतीचा फिल्टर आला. या सुधारणांना ते प्रमोशन म्हणत. "आज त्याला प्रमोशन दिलं," असं म्हणत ते पेढे घेऊन येत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पेढा खाता खाता म्हणायची, "यांना मिलनं कधी दिलं नाही, हे इंजिनाला देत सुटलेत."

ताईचं दुःख वेगळं होतं. ते इंजिन टिकाऊ होतं, इमानी होतं, पण पेट्रोल प्यायचं. बटाट्याच्या भाड्यातलं निम्मं तर त्याच्या पोटात जाई. परदेशीपुऱ्यातला मिस्त्री कधीपासून सांगत होता, "दाजी, डीजल बिठा लो." त्याच्याकडे एक वापरलेलं डिझेल इंजिन तयारही होतं. दाजी त्याच्याकडे बघून नुसते हसत, एखाद्या नास्तिकाकडे पुजाऱ्यानं हसावं तसे.

त्यातच बिनशिशाचं पेट्रोल येणार अशी बातमी आली. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या, पेट्रोलमधल्या शिशामुळे सांभाळल्या जात. शिसं गेलं की त्या झिजणार. दाजींची झोप उडाली. कडक पोलादाच्या सीटा मिळवायला ते थेट जबलपूरला गेले आणि तिथल्या एसटीडी बूथवरून माझ्या कचेरीत फोन केला. "सीटा मिळाल्या! ट्रक मिस्त्रीकडेच उभा आहे. तुम्ही तिकडे जा, त्याला म्हणावं, इंजिन खाली करून ठेव. मी आलो की हेड उघडतो."

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे खाली म्हणजे खाली, वरच्या उलट. इंदूरला इतकी वर्षं काढून मी हिंदीत भांडायला शिकलो होतो, पण कानात अजून सांगलीच होती. मी मिस्त्रीकडे गेलो आणि चोख हिंदीत सांगितलं, "इंजिन नीचे उतारना है. दाजी ने बोला है."

मिस्त्री उभाच राहिला. "साब, डीजल के लिए दाजी मान गए?"

"मान गए," मी म्हणालो. इंजिन उतरवायचं म्हणजे डिझेलच बसवायचं, या समजुतीत मी सीटा विसरूनच गेलो आणि ताईचं भलं झालं म्हणून मलाच भरून आलं.

दाजी परतले तेव्हा ट्रकचं तोंड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. इंजिन जुन्या टायरवर जमिनीवर बसलेलं. शेजारी धुऊनपुसून डिझेलचं. दाजींच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, खाली करा."

"अहो, खाली! खाली म्हणजे रिकामं! तेल काढा, पाणी काढा!"

"दाजी, खाली म्हणजे खाली."

"अरे भिया, हा सांगलीवाला मला मारणार एक दिवस!" मिस्त्री पोट धरून हसला. दाजीही हसले, पण नेहमीपेक्षा लवकर थांबले.

तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. तिनं सगळं पाहिलं आणि डबा ठेवला. "अहो, मिल बंद झाली तेव्हा मी एक शब्द बोलले का?"

"नाही."

"मग आज बोलते. आता ते उतरलंच आहे. परत चढवू नका."

दाजी उकिडवे बसले. त्यांनी जुन्या इंजिनाची पुढची पुली हातानं हळूहळू फिरवली. आतून दबलेला उसासा आला. मी मिस्त्रीकडे बघेना, ताईकडे बघेना. एका शब्दाच्या चुकीनं मी त्या माणसाला कुठं आणून बसवलं होतं! मी म्हणालो, "दाजी, चूक माझी आहे, मी आत्ता परत चढवून घेतो."

"नको," ते म्हणाले. मग मिस्त्रीला, "बिठा दो."

त्या सीटा मात्र त्यांनी त्या इंजिनाला बसवल्याच. मिस्त्री म्हणाला, "अब किस काम के?" दाजी म्हणाले, "पडून राहिलं तरी धड राहू दे." महिनाभर ते ट्रक हाकत आणि उरलेला वेळ त्या इंजिनापाशी घालवत. मग मानपुरच्या एका बटाटेवाल्या शेतकऱ्याला विहिरीवर पंप चालवायला इंजिन हवं होतं. दाजींनी ते पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालेल असं करून दिलं आणि स्वतः नेऊन बसवून आले. डिझेलनं ट्रकला बरकत आली. ताईच्या स्वयंपाकघरावर पक्कं छत आलं. मी दर भेटीत माफी मागायचो. शेवटी दाजी कंटाळून म्हणाले, "साहेब, तुम्ही नुसतं उतरवलंत. दिलं मी. आता पुरे."

एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर मानपुरला गेलो होतो. गाव यायच्या आधी त्यांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि बंद केला. मला वाटलं, रेडिएटर तापला. पण ते खिडकीवर कोपर टेकून नुसते बसले. हळूहळू शेतांपलीकडून तो आवाज ऐकू यायला लागला, एकसारखा, गोल, मध्ये कुठं न अडखळता. पाटाचं पाणी उन्हात चमकत होतं.

"उतरायचं का? बघून येऊ," मी म्हणालो.

"कशाला?" दाजी म्हणाले. "कामावर आहे तो."

आम्ही बसून राहिलो. मग त्यांनी किल्ली फिरवली, आणि आमच्या डिझेलच्या खडखडाटात तो आवाज बुडाला.