मी पुसलेल्या ओळी

मला साफसफाईचा सोस आहे. डब्यात चार दाणे उरले तरी मी ते दुसऱ्या डब्यात ओतून पहिला घासून पालथा घालते. आई म्हणायची, हिच्या हाताला लागलं ते गेलं. ते किती खरं होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

आप्पांचं निपाणीत टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका मराठीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, तंबाखूच्या वखारींच्या पाट्या दोन्हींत. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या संसाराच्या आठवणी लिहायला घेतल्या. आई गेल्यावर तर ते रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आले की थेट कीबोर्डपुढेच बसायचे. मी डोकावले की फाईल बंद करायचे आणि म्हणायचे, "झाल्यावर वाच."

लिखाण संपत आलं आणि काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बेळगावहून परत येताना गाडीत आप्पा म्हणाले, "एवढं लिवलं, पर एकदा सलग वाचायचं ऱ्हायलंच बघ."

मी म्हणाले, "फोन वाचून दाखवतो आता. मी करते ना." कॉम्प्युटरवर बसूनच मी पोट भरते, तेव्हा ही गोष्ट मला अगदी किरकोळ वाटली होती. मी त्यांच्या सगळ्या फायली पेनड्राईव्हवर घेतल्या, सवयीनं कॉम्प्युटरवरच्या पुसल्या आणि पहिलं पान फोनला दिलं. फोन इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस वाचत सुटला.

आप्पा म्हणाले, "मी असलं कवा लिवलं गं?"

लिहिलं होतं तसंच. दुकानातल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली मराठी आतून मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं असतात, वरून मराठी अक्षराचं सोंग. माणसाच्या डोळ्यांना ते सोंग पुरतं. फोनला पुरत नाही, आणि आता आप्पांनाही पुरत नव्हतं.

बेळगावातल्या शहापूरला माझ्या घरी मी कामाला लागले. लागणारी सगळी अवजारं फुकट मिळाली. जुन्या फायली उघडायला लिबरऑफिस, नीट पुस्तकासारखं बांधायला पॅनडॉक, आणि त्या सोंगाची खरी मराठी अक्षरं करायला कुणीतरी हौसेनं लिहून सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला एक छोटा प्रोग्राम. ह्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे लग्नघरी न सांगता बायका लाटणं-पोळपाट घेऊन येतात, पोळ्या लाटतात आणि नाव न सांगता जातात, तसलीच ही माणसं. त्यांनी कधी निपाणी पाहिली नसेल, पण माझ्या आप्पांचं काम करून गेली.

मी प्रत्येक फाईल आधी साध्या मजकुरात उतरवली आणि मग सगळी एकदम मराठीच्या चाळणीतून काढली. मराठी उमटली तेव्हा मी खुर्चीत टुणकन उडी मारली. मधे मधे मात्र भलत्याच ओळी येत होत्या. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, अर्थाचा पत्ता नाही. फाईल खराब झाली असेल, किंवा नजर जाता जाता आप्पांची बोटं चुकली असतील, असं मी धरून चालले. सवयीप्रमाणे त्या ओळी शोधशोधून पुसून टाकल्या. पुस्तक कसं चकचकीत झालं.

शनिवारी निपाणीला जाऊन आप्पांच्या खुर्चीशेजारी फोन ठेवला. फोन वाचू लागला. आप्पा मान डोलवत होते, अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होते. पाऊण तासानं त्यांची मान थांबली. त्यांनी हात पुढे करून चाचपडत फोन शोधला आणि उपडा ठेवला.

"लई चांगलं केलंस," ते म्हणाले. "पर ह्यात तुझी आई कुठं हाय?"

मला कळेना. आईबद्दल तर पानापानावर होतं.

"तिच्याबद्दल हाय गं. ती न्हाय."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईचं माहेर चिकोडीकडचं, कानडी. आमच्याशी ती मराठी बोलायची, आप्पांशी मात्र जन्मभर कानडी. आप्पा उत्तर मराठीत द्यायचे. ती तिच्या भाषेत भांडायची, आप्पा त्यांच्या भाषेत भांडायचे, आणि दोघांचंही भांडण व्यवस्थित पार पडायचं. आमच्या भागात अशी घरं काही कमी नाहीत, त्यामुळे ह्यात वेगळं काही आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं. आप्पांनी तेच लिहिलं होतं. स्वतःचं बोलणं मराठी फॉन्टात, आईचं कानडी फॉन्टात. दुकानात एक बटण दाबून भाषा बदलायची सवय, बोटांनी आपसूक केलं असणार. आणि मी त्या कानडी ओळी मराठीच्या चाळणीत घालून त्यांचा चोथा केला आणि वर तो फेकूनही दिला. आईची सगळी वाक्यं मी पुसली होती. रेकॉर्डिंग असं तिचं काही नाही. होतं ते एवढंच.

मी रडत रडत सगळं कबूल केलं. आप्पांनी एकच विचारलं. "मूळ फाईल ठेवलीस का पुसलीस?"

पेनड्राईव्ह पर्समध्ये होता आणि, नशीब माझं, मी त्याला हात लावला नव्हता.

"मग रडतीस कशाला? पत्रिका वाटून हुईस्तवर मूळ मजकूर टाकायचा नसतो, एवढं तर दुकानात बसून शिकलीस की."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी तिथेच ठाण मांडून बसले. साध्या मजकुरात उतरवताना फॉन्टचं नाव गळून पडतं, हीच माझी चूक होती. ह्या वेळी ते नाव टिकेल अशा प्रकारात फायली उतरवल्या, फॉन्ट बघून ओळी वेगळ्या केल्या, मराठीला मराठीची चाळणी लावली, कन्नडला कन्नडची. दुपारपर्यंत आई पानोपान आपल्या जागी येऊन बसली. मी एकही ओळ पुसली नाही, कंटाळवाण्यासुद्धा.

फोनला कन्नड आवाजही होता. तो आईची ओळ बातम्या दिल्यासारखा वाचू लागला.

"ही बेंगळूरची बाई कुठनं आणलीस?" आप्पा वैतागले. "तूच वाच."

मग तसं ठरलं. आप्पांचं फोन वाचणार, आईचं मी. मला कन्नड वाचायला वेळ लागतो, पण ऐकलेलं सगळं कानात होतंच. वाचता वाचता उन्हं कलली आणि एक जागा आली. दिवेलागणीआधी जेवायचं हा आमच्या घरचा नेम, आणि आप्पा दुकानातून कधी वेळेवर आले नाहीत. आई स्वतः दुकानाच्या दारात जाऊन उभी राहायची. मी हळूच वाचलं, "होत्त मुळगतैती, ऊटक्क बर्री." सूर्य बुडतोय, जेवायला चला.

"असं न्हाय," आप्पा म्हणाले. "ती काय इनंती करत न्हवती. चिडून म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"अजून."

मी पोटातून ओरडले. आई ओरडायची तशी, शेवटचा शब्द लांबवून. घरभर तिचाच आवाज घुमला, मला स्वतःलाच दचकायला झालं.

"आलो, आलो, आलोच," आप्पा म्हणाले आणि खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठले. दोन पावलं दाराकडे गेलेसुद्धा. मग थांबले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. आप्पा हसत होते.