खुर्च्या न काढता कॉन्ट्रा

इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलपासून थोड्या अंतरावर एक जुना लाकडी हॉल आहे. तिथे शुक्रवारी संध्याकाळी कॉन्ट्रा नाचतात. दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात, फिडल, म्हणजे व्हायोलिनच, सुरू होतं आणि एकजण माइकवरून पुढची चाल सांगत राहतो. जोड्या रांगेतून सरकत जातात, त्यामुळे संगीत थांबेपर्यंत जवळजवळ सगळ्यांचा हात तुमच्या हातात येऊन गेलेला असतो.

हा डोंगराळ भागातल्या गोऱ्यांचा अस्सल नाच, असं काहीजण छाती फुगवून सांगतात. मुळात या रांगा इंग्रजांच्या, फ्रेंचांनी नटवलेल्या. आणि इकडे दक्षिणेतल्या राज्यांत फिडल वाजवणारा, चाली पुकारणारा माणूस अनेकदा गुलाम असे. तो सांगे, मालक नाचत. शुद्ध परंपरेची चौकशी केली की बहुधा असंच काहीतरी निघतं. तरी नाच टिकला, कारण तो येत नसला तरी चालतो. तुम्ही चुकलात की समोरचा हसतो आणि तुम्हाला धरून वळवतो. आज तिथे रिसर्च करणारी पोरं येतात, नर्सेस येतात, गुडघे बदललेले आजोबा येतात.

भावोजी गेल्यावर माझी थोरली बहीण माझ्याकडे राहायला आली. शेजारणीने तिला एकदा त्या हॉलवर नेलं. आणायला मी गेलो होतो. परत येताना गाडीत ताई म्हणाली, "ते गेल्यापासून कुणी माझा हात धरला नव्हता रे."

आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू झाली. या वयात, परक्या पुरुषांबरोबर, वगैरे. ताईने त्यावर साधा उपाय काढला. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांनाच नाचवायचं. एकदा आपली माणसं नाचली की बोलणार कोण? त्या हॉलवरचे वादक नुसत्या जेवणावर यायला तयार झाले.

"ताई, आयडिया मस्त," अध्यक्ष म्हणाले. "स्टेजवर स्लॉट देतो."

"स्टेजवर नाही हो, खाली. सगळ्यांनी. फक्त खुर्च्या बाजूला करायच्या."

"पुढच्या रांगा स्पॉन्सर्सच्या आहेत."

"त्यांनाही पाय असतील."

"पण मग लोक बघणार काय?"

"काही नाही. नाचणार."

अध्यक्षांना हे पटलं नव्हतं, पण शेवटी जेवणाआधी खुर्च्या काढायचं त्यांनी कबूल केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दीपप्रज्वलन झालं. स्पॉन्सर्सचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला. कॉन्ट्रा हे मुळात आपल्या रासाचंच रूप आहे, अशी माहिती अध्यक्षांनी दिली. ती त्यांना कुठे मिळाली, ते त्यांनाच ठाऊक. वादक भिंतीपाशी वाद्यं मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी ताई उठली आणि स्वतःच खुर्च्या घडी करायला लागली.

"काकू, प्लीज," बिल्ला लावलेली एक बाई धावत आली. "सीटिंग डिस्टर्ब होतंय."

तेवढ्यात अध्यक्षांनी ताईला स्टेजवर बोलावलं. आता नाच जाहीर होणार म्हणून ती भराभर पायऱ्या चढली. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, तिच्या 'छंदाचं' कौतुक केलं आणि जेवण तयार असल्याचं सांगितलं. टाळ्या वाजल्या. ज्यांना नाचायला उठवायचं होतं ते सगळे उठले आणि ताटांकडे गेले. मी संतापाने जागचा हललो नाही. माणसाला गप्प करायचं असलं की त्याचा सत्कार करावा, ही आमची जुनी रीत आहे. शाल पांघरलेल्या माणसाला भांडता येत नाही.

ताईला आलं. ती खाली उतरली, नारळ टेबलावर ठेवला आणि ताटाच्या रांगेतल्या अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"सॉरी हं ताई, टाइमच उरला नाही," ते म्हणाले. "नेक्स्ट इयर ग्रँड करू."

"ग्रँड नको. आता, इथेच, एक फेरी. वाजवणारे बसलेत अजून."

तिने हात पुढे केला. रांगेतले सगळे पाहत होते. अध्यक्षांनी त्या हाताकडे पाहिलं, आणि अतिशय आदराने आपले दोन्ही हात जोडले.