एका हिसक्यात निघणारी पँट

फोनवर ती मुलगी म्हणाली, "काकू, चार स्ट्रिपर कॉस्च्युम मिळतील का?" मी ऐकलं 'स्ट्राइप'. मला वाटलं, पट्ट्यांचे कपडे हवेत, कैद्याचे असतील. शाळेच्या गॅदरिंगला कैदी लागतो कधीकधी. मी म्हटलं, "मिळतील की. आडवे पट्टे का उभे?"

मग ती म्हणाली, "मी येऊनच बोलते."

धायरीत माझं फॅन्सी ड्रेस भाड्याने द्यायचं दुकान आहे. वांगं, टोमॅटो, परी, मावळा, राधा-कृष्ण. लग्न होऊन यवतमाळकडून पुण्यात आले तेव्हा मी ब्लाउज शिवायचे. मुलगी बालवाडीत गेली आणि तिला फुलपाखरू व्हायचं होतं म्हणून पंख शिवले, ते दुसऱ्या आयांनी मागून नेले, आणि तिथून हे सुरू झालं. पण माझ्या दुकानातलं घालणारं माणूस बहुतेक तीन फुटांचं असतं आणि स्टेजवर जाऊन रडतं. मोठ्या पुरुषांचे कपडे मी कधी शिवले नव्हते.

ती मुलगी संध्याकाळी आली. हडपसरच्या कुठल्याशा आयटी कंपनीत कामाला होती. तिच्या मैत्रिणीचं लग्न ठरलेलं. लग्नाआधी मैत्रिणींची पार्टी, आणि त्यात ऑफिसातले चार मित्र पोलीस, डॉक्टर, पायलट आणि फायर ब्रिगेडवाला होऊन नाचणार. नाचता नाचता कपडे काढणार.

"काढणार म्हणजे?"

"म्हणजे वरचे. खाली हाफ पँट असणार, काकू. बनियनपण असणार. जोक आहे तो. मजा."

"कुणाची मजा?"

"सगळ्यांचीच," ती म्हणाली, पण जरा विचार करून म्हणाली.

मग तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातले पुरुष होते. एकाने कमरेला हात घातला, हिसका दिला, आणि अख्खी पँट हातात आली. मी म्हटलं, "परत लाव." ती हसायला लागली. मला खरंच शिवण बघायची होती. निदान तेव्हा मला तसंच वाटलं.

ऑर्डर घेतली खरी, पण रात्री जेवतानाही डोक्यात तेच होतं. हे चांगलं की वाईट, तेच कळत नव्हतं. मुली चांगल्या घरच्या, मुलं नोकरीतली, चोरून काही करत नव्हती. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री बायका बंद खोलीत काय काय गाणी म्हणायच्या, ती मला अजून पाठ आहेत आणि कुणासमोर म्हणता येणार नाहीत. मग मला नेमकं काय खुपत होतं? मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी भाकरी मोडत मोडत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वा. पुण्यात आता कपडे काढायलाही शिंपी लागतो."

काम मात्र सोपं नव्हतं. बाजारातून तयार पँटी आणल्या आणि कमरेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंची शिवण उसवली. आधी टिचबटणं लावून पाहिली. ती एकेक करून उघडायची, टक टक टक, तोपर्यंत गाणं संपून जाईल. मग वेलक्रो लावला. तो एका हिसक्यात उघडत होता, पण माणूस खाली बसला तरी उघडत होता. आजवर शिवण कुठे उसवू नये यासाठीच जिवाचं रान केलं होतं. आता ती उसवायला हवी होती, पण मी म्हणेन तेव्हाच.

मापाला पुरुष हवा म्हणून एका रविवारी ह्यांनाच पायलटची पँट चढवली. "बसा," म्हटलं. हे स्टुलावर बसले आणि उजवी बाजू मांडीपासून घोट्यापर्यंत चर्रकन उघडली. नेमक्या त्याच वेळी गाळ्याच्या मालकीणबाई आत आल्या. आमचं दुकान आहे तिथे पूर्वी त्यांचा हरभरा असायचा. दुपारी त्या माझ्याकडे गप्पा मारायला येतात.

"आगं बाई, ह्यांची पँट फाटली का काय?"

"नाही मावशी. ती तशीच आहे."

"तशीच हाय?" त्यांनी जवळ येऊन पाहिलं. "मंग घालायची कशाला?"

हे पँट दोन्ही हातांनी धरून आतल्या बाजूला गेले आणि पुढचा तासभर कुणाशीही बोलले नाहीत. शेवटी वेलक्रोच्या सलग पट्टीऐवजी लहान लहान तुकडे लावले, मध्ये थोडी थोडी जागा सोडली, आणि कमरेला रुंद पट्टी दुहेरी चढवली, तेव्हा कुठे ती बसल्यावर टिकायला लागली.

चौघं मापाला आले तेव्हा तिघांनी दुकान डोक्यावर घेतलं. एकमेकांच्या पँटी ओढल्या, फोटो काढले, एकाने तर राधेचा मुकुट घातला. चौथा, फायर ब्रिगेडवाला, उंच, सावळा मुलगा, हेल्मेट हातात घेऊन उभा होता. घालून पाहिलं, "ठीक आहे," म्हणाला, आणि काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. दुकानात कुणी नाही असं बघून म्हणाला, "काकू, माझी पँट निघणार नाही असं काही करता येईल?"

मी म्हटलं, "अरे, निघण्यासाठीच तर चालली होती एवढी खटपट."

"त्या तिघांची निघू दे. माझी अडकली असं वाटायला हवं. कुणाला कळता कामा नये."

"नाचायचं नसेल तर नाही म्हणून सांग ना."

तो काउंटरवरची टिचबटणं बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिला. "नाही म्हटलं तर का ते विचारतील. मी दोन वर्षांपूर्वी तिला विचारलं होतं. जिचं लग्न आहे, तिला. ती नाही म्हणाली. नीट म्हणाली, आमची मैत्री तशीच राहिली. कुणालाच माहीत नाही. मी नाचीन, काकू. हसवीनसुद्धा. पण तिने माझी पँट ओढायची आणि सगळ्यांनी हसायचं... गेममध्ये नवरीनेच ओढायची असते."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ऑर्डर त्या मुलीची होती. तिला निघणारी हवी, ह्याला न निघणारी हवी, आणि कपडा एकच. संध्याकाळी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "पँट कोण घालणार आहे?"

"तो."

"मग त्याचं ऐक. एवढं काय त्यात?"

ह्यांना सगळं सोपंच वाटतं. मी त्याच्या पँटला वेलक्रोच्या आतून मशीनची दुहेरी शिलाई मारली. बाहेरून चारही पँटी सारख्याच दिसत होत्या.

पार्टी हडपसरच्या एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, भर दुपारी होती. काही उसवलंच तर हाताशी असावं म्हणून त्या मुलीने मला बोलावून घेतलं. मी सुईदोरा घेऊन दाराजवळ उभी राहिले. पंधरा-वीस मुली असतील. नवरी जीन्समध्ये, हातावर मेंदी अजून नव्हती. मला वाटलं होतं, मला लाज वाटेल. गाणं सुरू झालं, पोलिसाने टोपी फिरवली, नवरीने डोळे मिटून हिसका दिला, पँट हातात, आणि खाली गुडघ्यापर्यंतची बदकांची हाफ पँट. मुली किंचाळल्या. मीही हसले. डॉक्टरची एकाच बाजूने निघाली आणि तो ती ओढत लंगडी घालायला लागला, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पायलटची कशी निघाली, ते मला दिसलंसुद्धा नाही.

मग तो पुढे आला. बरा नाचत होता. ठरल्याप्रमाणे हसवत होता, हातातल्या नळीने पाणी मारल्यासारखं करत होता. नवरी त्याच्यासमोर गेली. हात कमरेच्या पट्टीपर्यंत नेला. आता ओढेल, निघणार नाही, पुन्हा ओढेल, बाकीच्या मुली मदतीला धावतील, हे काही मी धरलंच नव्हतं.

तिने हात तिथेच थांबवला. त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट उचललं, स्वतःच्या डोक्यावर घातलं आणि मुलींकडे वळून ओरडली, "हा ऑन ड्युटी आहे! ह्याचा युनिफॉर्म काढायचा नाही!"

सगळ्या हसल्या. गाणं पुढे चालू राहिलं आणि दोघं समोरासमोर नाचले. जे झालं ते ठरवून झालं की असंच, हे तिथे कुणालाही कळलं नसावं. मला तर नाहीच.

नंतर सुईदोरा आवरत होते, तेव्हा तो बाजूच्या खोलीत आला. "तुम्ही तिला सांगितलंत?"

"छे रे. मी तिला आज पहिल्यांदा पाहिलं."

तो मान हलवून बाहेर गेला. थोड्या वेळाने नवरी स्वतः माझ्यासाठी बशीत ढोकळा आणि केक घेऊन आली. "तुम्हीच शिवलेत ना हे? भारी झालेत." मी बशी घेतली. ती गेली नाही. दाराकडे बघत तिने विचारलं, "काकू, फायर ब्रिगेडवाल्याची निघाली असती का?"

काय सांगायचं? निघाली नसती म्हटलं, तर त्याचं गुपित उघडं. निघाली असती म्हटलं, तर खोटं. आणि तिला नेमकं काय ऐकायचं होतं, तेही माझ्या लक्षात येईना. मी म्हटलं, "ओढली असतीस तर कळलं असतं."

ती हसली, पण मघाशी सगळ्यांबरोबर हसत होती तशी नाही. "बरोबर आहे," म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी तो कपडे परत द्यायला आला. चौघांचे एकत्र, घड्या घालून. जाताना पायरीवर थांबला. "तिने तुम्हाला काही विचारलं का?"

मी सांगून टाकलं, "विचारलं. तुझी निघाली असती का, असं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"ओढली असतीस तर कळलं असतं, म्हटलं."

तो एवढ्या मोठ्याने हसला की समोरच्या दुकानातला चहावाला वळून बघायला लागला. त्याला वाईट वाटलं, बरं वाटलं, का नुसतीच गंमत वाटली, ते मला त्या हसण्यावरून ओळखता आलं नाही. "बरं केलंत," म्हणाला, गाडी सुरू केली आणि सिंहगड रोडच्या गर्दीत शिरला. मी किती वेळ तशीच पायरीवर उभी होते. त्याचं काय बरं केलं होतं मी, ते मला अजून कळलेलं नाही.