मिस्टरांच्या जागी फुलबॅक

आमचे मिस्टर हॉकीत फुलबॅक, म्हणजे गोलापुढे थांबून अडवणारे, होते आणि चाळिशी उलटली तरी जागा सोडायला तयार नव्हते. चेंडू पुढे निघून गेला की मग हे वळायचे. मी तोंडावर सांगायचे, "अहो, तुम्ही आता खेळत नाही. नुसते वाटेत उभे राहता."

"मग माझ्यापेक्षा बरा दाखव," ते म्हणायचे. "त्या दिवशी सोडतो."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही बहारीनमध्ये मुहर्रकला राहायचो, मिस्टर विमानतळावर मेकॅनिक होते. तिथे आपल्या लोकांच्या चार टीम होत्या. थंडीचे सामने सुरू व्हायच्या आधी चारही कॅप्टन एका घरी बसायचे आणि त्या वर्षी नव्याने आलेल्या पोरांमधून पाळीपाळीने एकेक निवडायचे. तोपर्यंत कॅप्टनने नव्या पोरांशी बोलायचं नाही, असा नियम होता. बायकांसाठी कोणी नियम केला नव्हता. त्यात आमच्या कॅप्टनची, म्हणजे मिस्टरांची, शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशीच, शिफ्ट; बदली घ्यायचे ते फक्त सामन्यापुरती. तेव्हा पोरं बघायला मी जायचे.

माझी शाळा चौथीत सुटली, पण माहेर खडकीचं. भाऊ रोज हॉकी खेळायचे आणि मी कडेला बसून बघायचे. त्यामुळे हॉकी मला कळते.

त्या वर्षी हिद्दच्या गोदीत एक वेल्डर आला होता. काटकुळा, विशीतला. बाकीची पोरं चेंडूमागे धावत सुटायची. हा धावायचा नाही. चेंडू पार पलीकडे असतानाच जरा सरकून उभा राहायचा आणि थोड्या वेळाने चेंडू तिथेच यायचा. अंगावर कोणी आलं तरी घाई करायचा नाही. समोरच्याने चूक केली की चेंडू काढून घ्यायचा.

खेळ संपल्यावर मी त्याला गाठलं. गाव कुठलं, घरी कोण कोण, विड्या ओढतोस का, डोळे चांगले आहेत ना, इथे किती वर्षं राहणार, गुडघे दुखतात का, सगळं विचारलं. तो खाली मान घालून उत्तरं देत होता.

पुढच्या शुक्रवारी पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून मैदानावर हजर. बरोबर त्याच्याच खोलीत राहणारा एक वयस्कर माणूस.

"वहिनी, मुलगा निर्व्यसनी आहे," तो म्हणाला. "पत्रिका गावाहून मागवलीय. मुलगी किती शिकलीय?"

"मला दोन मुलगेच आहेत," मी म्हटलं. "मला फुलबॅक हवाय."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. तो माणूस चिडला. "अहो, मग आधी सांगायचं! आम्ही पत्र टाकून बसलो."

"गुडघ्यांचं विचारलं तेव्हाच कळायला हवं होतं. मुलीकडचे गुडघे विचारतात का?"

यावर पोरगाच आधी हसला. मग शर्ट काढून ठेवला आणि बनियनवर खेळायला गेला.

घरी आल्यावर मी मिस्टरांना म्हटलं, "मिळाला. तुमच्यापेक्षा बरा आहे."

"थोडा?"

"बराच."

ते हात धुऊन पानावर बसले. जेवण मात्र नेहमीएवढंच जेवले.

निवड आमच्याच घरी होती. मी बटाटेवडे तळत होते. पहिल्या दोन्ही कॅप्टननी गोल मारणारी पोरं उचलली. गोल करणारे सगळ्यांनाच हवे असतात. तिसरी पाळी आमची. अजून एक चांगला फॉरवर्ड उरला होता. त्याचं नाव घेतलं असतं तर मिस्टरांची जागा आणखी एक वर्ष त्यांचीच राहिली असती. कोणी काही म्हटलंही नसतं. मी गॅस बारीक केला, पण बाहेर गेले नाही. मी डोळे वटारले म्हणून त्यांनी जागा सोडली, असं मला नको होतं.

"गोदीतला वेल्डर," मिस्टर म्हणाले.

"अरे, तो फुलबॅक आहे!" एक कॅप्टन म्हणाला. "मग तू कुठे खेळणार?"

"मी कशाला खेळू? बायको म्हणते तो बरा आहे."

सगळे हसले, तेही हसले. मी वड्यांची परात बाहेर नेली.

पहिल्याच सामन्यात एक फॉरवर्ड त्या पोराला चकवून पुढे गेला आणि गोल झाला. कडेला बसलेले मिस्टर उठले आणि स्वेटर काढायला लागले.

"बसा," मी म्हटलं.

ते बसले. त्यानंतर त्या बाजूने कोणी आत आलं नाही. आम्ही तो सामना हरलो, पुढचे बरेचसे जिंकलो. मिस्टरांनी शुक्रवारची शिफ्ट कायमचीच बदलून घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एवढा वेळ शेजारी शेजारी आम्ही त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा बसलो. ते सारखे बोलायचे, "याने इथे यायला हवं होतं, त्याने तिथे." मी संत्री सोलून त्यांच्या हातात द्यायचे. तोंडात फोड असली की माणूस जरा गप्प बसतो.