भाऊजी पुढे, मी मागे

मोटरसायकलवरून दोनशे किलोमीटर जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पन्नासपट वेळ मी ते जाणं कॉम्प्युटरवर आखण्यात घालवतो. हा माझा जुना आजार आहे. गणपती बोळवले की मी नकाशा उघडून बसतो आणि दिवाळीपर्यंत हलत नाही. पेट्रोल कुठे मिळेल, मोबाईलची रेंज कुठे जाईल, कोणत्या नाल्यावर पूल झाला आणि कोणत्यावर अजून नुसता पावसात बुडणारा रपटा आहे, हे सगळं मी उपग्रहाच्या फोटोवर डोळे बारीक करून शोधतो. बायको चहा ठेवून जाताना म्हणते, "एवढ्यात त माणूस पायी जाऊन आला असता."

जाणारे आम्ही दोघंच, मी आणि माझे भाऊजी. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात; भाऊजी म्हणजे बाईचे यजमान. ते गडचिरोलीला राहतात, मी चंद्रपूरला. दिवाळी झाली, धानाची कापणी लागली की आपापल्या गाडीवर दोन-तीन दिवस निघायचं, असं गेली वीस वर्षं चाललंय. भाऊजी पुढे, मी मागे. हा क्रम ठरवला कोणी नाही, पण मोडलाही कोणी नाही.

भाऊजी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते, पण तीस वर्षं मोटरसायकलवर लशींचा डबा बांधून गावोगाव फिरले, म्हणून अर्धा जिल्हा त्यांना डॉक्टरच म्हणतो. रस्ते ते गुरांवरून सांगायचे. "लंगड्या म्हशीच्या घरापासून डावीकडे," म्हणायचे. ती म्हैस मरून पंधरा वर्षं झालेली असायची, पण डावीकडे वळलं की रस्ता बरोबर सापडायचा. मला याचा राग यायचा. मी दोन महिने डोळे फोडायचे आणि यांनी मेलेल्या म्हशीवर मला हरवायचं!

एकदा मी नकाशावर एक गाव बघून तिथे सकाळच्या चहाची जागा धरली होती. गेलो तर नुसतं जंगल. ते रिठ गाव निघालं. म्हणजे वस्ती कधीच उठून गेलेली, पण सरकारी कागदात नाव शाबूत, आणि कागदावरून नकाशात. मोहाच्या एका झाडाखाली भाऊजींनी गाडी लावली आणि पोट धरून हसले.

"साळेबुवा, इथी चहा कोण देईन तुले? मुंगळे?"

मग बाईने बांधून दिलेल्या पोळ्या आम्ही तिथेच खाल्ल्या. ही गोष्ट त्यांनी पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि एका तेरवीतही सांगितली. माझ्या हँडलवर जीपीएसचं यंत्र असायचं, खास नागपूरहून आणलेलं. ते त्याला 'साळ्याचा देव्हारा' म्हणायचे.

म्हणूनच मागच्या दिवाळीत भाऊजी स्वतःहून म्हणाले, "असं एखादं मलेही लावून दे," तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. वीस वर्षांनी का होईना, मी जिंकलो! माझा जुना मोबाईल मी त्यांच्या हँडलवर पक्का बसवून दिला. रेंज नसतानाही चालेल असा दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा त्यात भरला, गेलेल्या रस्त्याची रेघ आपोआप नोंदली जाईल असं करून दिलं. टाईप करायला कंटाळा येईल म्हणून बोलून कसं लिहायचं तेही शिकवलं. ते शाळेतल्या पोरासारखे मन लावून शिकले. एकच गोष्ट त्यांनी तीनदा विचारली. मी म्हटलं, वय झालं, होतं असं.

आता वाटतं, जिंकल्याच्या आनंदात माणसाला समोरचं काही दिसत नाही. माझं तसंच झालं.

फेब्रुवारीत बाईकडे गेलो तेव्हा त्यांच्या मोबाईलमधल्या रेघा मी माझ्यासाठी उतरवून आणल्या. आपलं यंत्र दुसऱ्याच्या हातात कसं चालतं ते बघायची हौस, दुसरं काय. रविवारी दुपारी जेवण करून कॉम्प्युटरवर उघडल्या. एक रेघ धानोऱ्याची होती. तिथे भाऊजींचा एक जुना सोबती राहतो, महिन्यातून एकदा ते त्याच्याकडे जातात. गडचिरोलीहून निघालेली रेघ छान सरळ चाललेली. मग एका फाट्यावर ती थांबली. मागे आली. पुन्हा फाट्यावर गेली. पुन्हा मागे. अशा चार चकरा. मग फाट्यावरच बावीस मिनिटं उभी. मग गडचिरोलीकडे परत. धानोऱ्याला ती पोचलीच नव्हती.

मी आधी यंत्राला दोष दिला. दाट झाडीत जीपीएस वेडावतं, रेघ इकडची तिकडे उडते, हे मला ठाऊक होतं. पण उडालेली रेघ काट्याकुट्यांतून, शेतांतून जाते. ही रेघ डांबर सोडून हातभरही हलली नव्हती. त्या फाट्यावर भाऊजी तीस वर्षांत किती वेळा वळले असतील, देव जाणे.

मी फोन लावला. "भाऊजी, धानोऱ्याच्या फाट्यावर काय करून राह्यले होते एवढा वेळ?"

 भाऊजी हसले. "ओळखीचा भेटला एक. गोष्टीत टाईम गेला. तू काऊन पाहून राह्यला बे माह्या मागं? सीआयडी हायेस काय?"

मीही हसलो. फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. ओळखीचा भेटला तर माणूस गाडी लावून बोलतो, चार चकरा मारत नाही. हे मी त्यांना म्हणू शकलो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

पुढच्या महिन्यांत मी जेव्हा जेव्हा रेघा आणल्या, तेव्हा तेव्हा मला त्या उघडायची भीती वाटायला लागली. आठवडी बाजारातून घरी येताना एकदा ते गावाबाहेर तीन किलोमीटर पुढे गेले होते. एकदा चामोर्शीच्या रस्त्यावर उलट्या दिशेला. दर वेळी घरी पोचत होते, पण दर वेळी रेघ थोडी जास्त गुंतलेली. आणि हे माहीत असलेला जगात मी एकटाच, असं मी धरून चाललो होतो.

बाईला सांगायचं की नाही, यातच माझं वर्ष गेलं. सांगितलं तर ती गाडीची चावी काढून घेईल, डॉक्टरकडे नेईल, आणि तेच बरोबर झालं असतं हेही मला कळत होतं. पण गाडी काढून घेतली तर भाऊजींमध्ये उरतं काय? निवृत्तीनंतर घरात ते बूट घालूनच बसतात. आणि न सांगावं तर रस्त्यावर कोळशाचे ट्रक आहेत, मोहफुलाच्या दिवसांत जंगलात अस्वलं आहेत, आणि माणूस उभा आहे फाट्यावर, कुठे जायचं ते न कळून. मी दोन-तीनदा ठरवून गडचिरोलीला गेलो. बाईने वाढलेली वांग्याची भाजी खाल्ली आणि परत आलो. एकदा तर तीच म्हणाली, "तू ते मशीन लावून देल्लं त्याइच्या गाडीले, बरं केलं." मी आणखी एक पोळी मागून घेतली. मी भित्रा माणूस आहे, आणि माझा भित्रेपणा मी मायेच्या नावावर खपवत होतो.

या दिवाळीत सिरोंचा ठरलं. माझा नकाशा यंदा पंधरा दिवस आधीच तयार होता. रस्ता लांबचा, पण फाटे कमी, हाच माझा एकमेव हिशेब. गडचिरोलीहून निघताना मी म्हटलं, "भाऊजी, यंदा मी राहतो पुढे."

"काऊन? माह्यी गाडी बसली काय?" ते म्हणाले आणि किक मारली. बाई दारात उभी होती. 

आलापल्लीपर्यंत प्रत्येक फाट्याला माझा हात ब्रेकवर होता. पण ते नीट चालवत होते. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलात एका चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. टपरीवाला धावतच आला. "नमस्कार, डॉक्टर!" भाऊजींनी हेल्मेट काढायच्या आधी खाली मोबाईलकडे बघितलं, अंगठा फिरवला, मग हेल्मेट काढून म्हणाले, "काय म्हणते? पोरगी गेली ना नर्सिंगले?"

टपरीवाल्याचा चेहरा फुलला. पैसे घेईना. मलाही इतकं हलकं वाटलं की मी दोन समोसे जास्त खाल्ले. ज्या माणसाला कुठल्यातरी टपरीवाल्याच्या पोरीचं नर्सिंग आठवतं, त्याला काय झालंय? काही नाही. मीच खुळा, रेघा बघून बघून डोकं फिरलंय माझं.

दिवस मावळायच्या आत सिरोंच्याला पोचलो. खोली घेतली. भाऊजी हातपाय धुऊन नदीकडे उतरले. तिथे जाळं आवरत असलेल्या माणसाशी ते मोडक्या तेलुगूत बोलायला लागलेले वरून दिसत होते. त्यांचा मोबाईल माझ्याजवळ चार्जिंगला होता. उद्याचा परतीचा रस्ता त्यात टाकावा म्हणून मी नकाशा उघडला, आणि जतन केलेल्या जागांची यादी समोर आली. त्यात मी फक्त पेट्रोलपंप टाकले होते. आता तिथे तीस-पस्तीस पिना होत्या, दोन्ही जिल्ह्यांत. प्रत्येक पिनेखाली बोलून लिहिलेला मजकूर.

'धानोरा फाटा. मोठं चिंचेचं झाड आलं की उजवा हात.'

'चहा. पोरगी नर्सिंग शिकते. मले डॉक्टर म्हणते.'

'किराणा दुकान. याचा भाऊ वारला. भाऊ कसा हाय असं पुन्हा इचारू नको.'

ते 'पुन्हा' मी कितीतरी वेळ बघत राहिलो. म्हणजे एकदा विचारून झालं होतं.

मी वर्षातले दोन महिने नकाशासमोर बसतो. भाऊजी वर्षभर बसले होते. बाई दुपारी झोपली की बसत असतील. जे आठवतंय ते आठवतंय तोवर एकेका जागी टोचून ठेवायचं, गुरांना लस टोचावी तसं. चंद्रपुरात माझ्या घरावरही एक पिन होती.

'साळ्याचं घर. दुसरा माळा. नकाशाचं कौतुक करावं, खुश होते.'

मला हसू आलं, आणि मग आवरेना असं रडू आलं. यादीत शेवटची पिन गडचिरोलीची होती.

'घर. निळं गेट. हिले सांगू नको.'

मोबाईल हातात असतानाच माझा फोन वाजला. बाई होती.

"पोचले काय?"

"पोचलो."

"रस्त्यात कुठी थांबले होते काय? मंजे, उगाच?"

"नाई बाई. भाऊजीच पुढे होते पूर्ण रस्ता."  आता सांगूनच टाकावं असं वाटलं. "बाई, मले तुले एक गोष्ट..."

"सांगू नको," बाई म्हणाली. "रोज सकाळी मीच पुसते तो मोबाईल. मले वाचता येते."

  मागे तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"डॉक्टरले दाखवू," ती म्हणाली. "तुम्ही आले की नागपूरले नेऊ, मंग गाडीचं पाहू. उद्याचा दिवस चालवू दे. अन् मी वाचलं मनून त्याइले सांगू नको."

"नाई सांगत."

"त्याइलेच पुढी राहू दे. तू मांगं राह्य."

भाऊजी नदीवरून वर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात कागदात बांधलेली मासळी. "टाकला काय रे उद्याचा रस्ता?"

"टाकला."

"वा," ते म्हणाले. "नकाशा मात्र एक नंबर बनवतोस तू, साळेबुवा. मानलं तुले."

मी खुश झाल्यासारखं केलं.

सकाळी आम्ही निघालो. भाऊजी पुढे, मी मागे. आष्टीच्या अलीकडे एका तिठ्यावर त्यांची गाडी हळू झाली आणि थांबली. डावा इंडिकेटर लागला. बंद झाला. उजवा लागला. ते खाली मोबाईलकडे बघत होते. रस्ता कोणता ते मला पाठ होतं. मी वीस हात मागे गाडी चालूच ठेवून उभा राहिलो आणि हॉर्न वाजवला नाही.