कमरेतलं गुडघ्यात

तुमच्या आजीच्या उजव्या गुडघ्यात तिच्याच कमरेतला माल भरलेला आहे.

आजोबांच्या तेरवीला तुम्ही दोघं आलात तेव्हा विचारत होता, "आजी, दाराची कडी इतकी खाली काहून?" (परदेशात वाढलेला नातू "काहून" म्हणाला, याचा मला त्या दिवशीही आनंद झाला.) पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि हसायची सोय नव्हती. आता क्रमाने सांगते. मी सगळं क्रमानेच सांगते. या दोषाबद्दल माझ्यामागे काय बोललं जातं तेही पुढे येईलच.

लकव्यात आजोबांचा उजवा हात, उजवा पाय आणि बहुतेक शब्द गेले. उरलेल्या आजोबांना पलंगावरून उठवायचं तंत्र मी बसवलं होतं. त्यांचा डावा हात माझ्या गळ्यात, माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकू म्हणून, आणि "एक, दोन, तीन!" पण आमचं ऑफिस नव्या रायपुरात गेलं त्या वर्षी मी बसमधून उतरताना आपटले होते, आणि तेव्हापासून "तीन" म्हणताच माझाच पाय लटपटायचा. एकदा दोघंही कोसळलो. पलंगावर, म्हणून बरं!

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, तुझ्याच्याने होणार नाही. बाबांना एखाद्या होममध्ये ठेवू. तिथे उचलणारी माणसं असतात."

फोन स्पीकरवर होता. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं, ते जेवायलाही फिरवलं नाही. शेवटी एकच शब्द आला. "घर."

म्हणजे प्रश्न साधा होता. माझा गुडघा टिकला तर आजोबा घरात, नाहीतर आजोबा होममध्ये.

डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो उजेडावर धरले. "सांधा बदलण्याइतका झिजलेला नाही. पण इथे बघा, हाडावरच्या गादीला, म्हणजे कूर्चेला, खड्डा पडलाय. कूर्चेला रक्त मिळत नाही, त्यामुळे ती आपोआप भरत नाही."

"रायपूरच्या रस्त्यांसारखी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. (बहुधा गाडीने येत असावेत.) म्हणाले, "तुमच्या कमरेच्या हाडातून मगज, म्हणजे बोन मॅरो, काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करून वाढवायच्या आणि त्या खड्ड्यात बसवायच्या. नवी कूर्चा धरेल अशी आशा आहे. खात्री देणार नाही. वयही पाहायला हवं. आणि बसवल्यावर दीड महिना त्या पायावर भार नाही. म्हणजे अजिबात नाही!"

दीड महिना! एका घरात दोन माणसं आणि उभं राहणारं कुणीच नाही. पण तुमच्या आजीने राज्य फुटण्याआधीच्या आणि नंतरच्या, अशा दोन राज्यांच्या सरकारी फायली सांभाळल्या आहेत. मी भिंतीवर तक्ता लावला. दिवसा दुलारी, रात्री तिची बहीण फूलबाई. औषधं, जेवण, मालिश, सगळं रकान्यांत. फोनची जागा ठरलेली, भिंतीतल्या उंच फळीवर. दाराला तीन कड्या. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या शंकर नगरात चोऱ्या वाढल्या, असं माझं मत होतं आणि सगळ्या कड्या लावल्याशिवाय घरात कुणी झोपायचं नाही, असा नियम.

कमरेतलं काढलं, गुडघ्यात घातलं, मी घरी आले. इथवर सर्व क्रमाने.

मग नागपूरहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला.

"का वं नलू, कायचं आपरेशन झालं म्हणे?"

"काही नाही ताई. बोन मॅरो काढला थोडा."

पलीकडून हुंदका. "अगं माय! बोन मॅरो! आमच्या मोहल्ल्यातल्या मास्तरचा काढला होता तं तो दिवाळी नाही पाहू शकला! ब्लड कॅन्सर होता त्याले."

"ताई, मला गुडघा आहे."

"हो हो, गुडघाच सांग तू साऱ्यायले. हिंमतीची आहेस." आणि फोन बंद!

पुढचं मला नंतर कळलं. त्यांनी सगळ्या भावकीला फोन केले आणि ठरवलं की नलूला भेटून यायचं ते गणपती बसायच्या आत. का? तर "मंधातच सुतक लागलं तं गणपतीचं कसं करावं?" माझं मरण त्यांनी माझ्याहून नीट नियोजनात बसवलं होतं. हे मात्र मला आवडलं.

इकडे माझ्या तक्त्याला पहिला तडा गेला. संध्याकाळी दारात एक मोटारसायकल थांबली. दुलारी आणि फूलबाई दोघी नवी लुगडी नेसून उभ्या.

"दाई, भाई लेहे बर आय हे. तीजा माने बर मइके जाथन."

मी इतकी वर्षं रायपुरात काढली! तीजाला इथली एकूण एक बाई माहेरी जाते, भाऊ येऊन घेऊन जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी तक्ता बनवला मराठी कॅलेंडर बघून. त्यात त्या दिवशी "हरतालिका" एवढंच छापलेलं, आणि आपल्याकडे हरतालिकेला बाई घरातच उपाशी बसते. शिवाय दोघी सख्ख्या बहिणी, म्हणजे माहेर एक, भाऊ एक आणि मोटारसायकलही एक!

"एकच दिवस ना गं?"

"हव दाई, तीन-चार दिन." आणि तिघं एका गाडीवरून गेली.

शेजारच्या भैयांना सांगायला हवं होतं. पण तक्त्यात तसा रकाना नव्हता.

सकाळी आजोबांना बाथरूमला जायचं होतं. मी वॉकर घेऊन निघाले, "थांबा, येते" म्हणाले. ते थांबले नाहीत. माझ्या पायावर भार पडू नये म्हणून ते स्वतःच उठायला गेले आणि पलंगाच्या कडेवरून सावकाश, एखादं पोतं घसरावं तसे, खाली आले. मी वॉकर सोडला, डाव्या पायावर टेकले, त्यांचं डोकं धरलं, आणि उजवा पाय सरळ ठेवून धप्पकन त्यांच्याशेजारी बसले.

आधी कपाळ तपासलं. फुटलं नव्हतं. पायजमा ओला झाला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"होऊ द्या," मी म्हटलं. "आज हरतालिका. निर्जळी माझी आहे, तुमची नाही."

अर्धं तोंड हसलं. मग त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बोट केलं. "पाय... टेकू... नको."

फोन वर फळीवर, आपल्या ठरलेल्या जागी, चार्ज होत होता.

तेवढ्यात बेल वाजली! मी ओरडले. पण बाहेर जाऊबाई होत्या, सोबत त्यांचा मुलगा पिंटू आणि भावकीतली मंडळी, आणि जाऊबाईंनी रिक्षातूनच रडायला सुरुवात केली होती. त्यात माझी हाक कुठे पोहोचणार?

"दार उघडत नाही रे पिंटू! गेली बाई आपली नलू!"

शेजारचे भैया धावत आले. "भाभीजी बहुत अच्छी थीं. बस, थोड़ी सख़्त थीं."

"थोडी?" जाऊबाई रडता रडता म्हणाल्या. "माह्या पोराच्या लग्नात तिनं वऱ्हाडाच्या चपला नंबरानं लावल्या होत्या! चहाच्या कपायले बी नंबर होते तिच्या!"

मी आजोबांकडे पाहिलं. ते मान डोलावत होते!

मग आम्ही निघालो. माझे दोन हात आणि एक पाय, त्यांचा एक हात आणि एक पाय. बेरीज केली तर एका धडधाकट माणसापेक्षा एक हात जास्तच! चादरीवर बसून, उजवा पाय उशीवर सरळ ठेवून मी मागे सरकत होते आणि आजोबा डाव्या टाचेने रेटत येत होते. मध्ये ते थांबले, धापा टाकत म्हणाले, "चहा?"

"आत्ता?"

"पाहुणे," ते म्हणाले.

दारापाशी पोहोचलो तर तिन्ही कड्या आमच्या डोक्यावर. कोपऱ्यातल्या काठीने मी सगळ्यात खालची सरकवली. वरच्या दोन हलेनात. चोरांसाठीच तशा बसवून घेतल्या होत्या.

"ताई, मी जिवंत आहे!" मी फटीतून ओरडले.

रडणं थांबलं. मग जाऊबाईंचा आवाज, बारीक : "नलू, खरं सांग. कितवी स्टेज हाय?"

"दार तोडा!" मी म्हटलं. म्हणजे माझ्या सागवानी दाराबद्दल मी हे म्हटलं! आम्ही सरकून भिंतीला टेकलो. पिंटूने आणि भैयांनी तीन धक्के दिले, कड्या उखडल्या, दार आपटलं, आणि सगळी मंडळी रडत आत घुसली. मी जमिनीवर, शेजारी ओला नवरा, मांडीवर काठी. तोंडातून निघालं काय?

"चपला बाहेर!"

"आहे बाबा, जित्ती आहे!" जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्या गळ्यात पडून खऱ्या रडल्या. चार दिवस राहिल्या. आमच्यासाठी त्या वर्षी त्यांचा गणपती रायपुरात बसला.

सुतार आला तेव्हा मी पुन्हा तीनच कड्या सांगत होते. आजोबांनी काठी घेतली, दारावर जमिनीपासून वीतभर उंचीवर टोचली आणि म्हणाले, "इथं. एक."

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा फोटो उजेडावर धरले. खड्डा भरला होता. "मूळच्यासारखी नाही," ते म्हणाले, "पण धरलीये." त्यानंतर रोज "तीन" म्हटल्यावर आजोबा उभे राहायचे. दुसरा झटका आला त्या सकाळपर्यंत राहायचे. ते घरातून गेले, बाळांनो, आपल्या पलंगावरून. होमचं दार त्यांनी पाहिलं नाही.

आता गुडघा ठणठणीत आहे आणि उचलायला कुणी नाही. खालची कडी मी बदललेली नाही. ती लावायला मात्र वाकावं लागतं आणि वाकलं की कंबर धरते. परवा डॉक्टरांना विचारलं, "गुडघ्यातलं थोडं परत कमरेत घालता येईल का?"