दळलेला आवाज

नितीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर शेवटचा तास घेत होते. शाळेत मोबाईल वाजू द्यायचा नाही हे मीच सगळ्यांना बजावत असते, म्हणून आधी कट केला. पुन्हा वाजला तेव्हा व्हरांड्यात येऊन घेतला. पलीकडे बबनकाका होते. श्रीगोंद्याला आमच्या घरासमोर राहतात, साखर कारखान्यातून शिपाई म्हणून निवृत्त झाले आहेत. "पोरी, नितीन गेला. तू ये," एवढंच म्हणाले. मी विचारलं, आई कुठं आहे? तर म्हणाले, वर माडीवर, त्याच्यापाशीच. मी पर्स घेतली आणि नगरच्या स्टँडवर येऊन मिळेल त्या गाडीत बसले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. महिना उलटून गेला, माझा प्रयत्न चालू आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी चार शब्द लिहा असा निरोप आला तेव्हा त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. तालुक्याच्या गावात बसून जगभरचे संगीतकार वापरतील अशी वाद्यं बनवणारा अवलिया वगैरे. अवलिया तर तो होताच. पण अवलियाबरोबर एका घरात ज्यांना राहावं लागतं त्यांना कुणी काही विचारत नाही. नितीन माझा धाकटा भाऊ. त्याच्याइतका गुणी माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका दुष्टही.

आमच्या वडिलांचं, दादांचं, साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं. लग्न, सभा, जत्रा, सगळीकडे आमचे कर्णे जायचे. दादा वायरी ओढायचे आणि बोलायची आई. रिक्षावर कर्णा बांधून गावभर जी जाहिरात फिरायची, कापड दुकानाचा सेल म्हणा, पोलिओचा डोस म्हणा, कुणाची हरवलेली गाय म्हणा, तो आवाज आईचा असायचा. जत्रेत पोर हरवलं की आई माईकवरून त्याचं वर्णन सांगायची, आणि आईबाप कुठून कुठून धावत यायचे. चौथी शिकलेली बाई, पण तिने "लक्ष द्या" म्हटलं की हातातला घास हातात राहायचा. आता मागे वळून पाहते तर त्यातली एकही कॅसेट शिल्लक नाही. एक जाहिरात फिरून झाली की दादा त्याच कॅसेटवर दुसरी भरायचे. आवाज घरचाच, हवा तेव्हा मिळणारा... तो कोण जपून ठेवतो?

नितीन लहानपणी टेपच्या चक्रीवर अंगठा दाबून आईचा आवाज वितळवायचा. ती "लक्ष द्या" म्हणतेय आणि मधेच रेड्यासारखी घोगरी होतेय, हे ऐकून हा लोळून लोळून हसायचा. आई पाठीत धपाटा घालायची आणि स्वतःही हसायची. पुढं पुण्यात इंजिनीअरिंगला गेला, अर्धवट सोडून परत आला आणि माडीवरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला तो बसलाच. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, वाद्यं बनवतो. सिंथेसायझर म्हणजे लग्नाच्या बँडमधला पोरगा गळ्यात अडकवतो तो, एवढीच माझी समज. नितीनची वाद्यं संगणकातच राहायची. संगीतकार ज्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात त्यात ती खोचायची, म्हणून त्यांना प्लगिन म्हणतात, हे त्यानेच मला शिकवलं, अर्थात माझ्या अकलेचा उद्धार करत करत.

त्यात सूर लावायचा प्रश्नच नव्हता. सुरेल आवाज काढणारी वाद्यं ढिगाने आहेत, त्यात आपण कशाला भर घालायची, असं त्याचं म्हणणं. त्याने ‘दुष्काळ’ नावाचं एक वाद्य केलं होतं. ते जितकं वापराल तितके त्यातले आवाज आटत जायचे आणि शेवटी ठणठणाट. ‘गंज’ नावाचं दुसरं. त्याला कुठलाही आवाज द्या, ते त्या आवाजाला खात सुटायचं, आणि खाल्लेलं परत मिळायची सोय नाही. परदेशातली माणसं यावर खूश. त्यांच्याकडे सगळं परत मिळतं, म्हणून त्यांना याचं अप्रूप, असं मी एकदा म्हणाले तर पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत राहिला. माणसांचंही तो असंच करायचा. दादा गेले तेव्हा रडणाऱ्या बायकांसमोर माईक धरून उभा राहिला. माझे यजमान बिचारे एकदा हौसेनं म्हणाले, माझाही आवाज घे की. यानं दोन वाक्यं ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, "दाजी, तुमच्या आवाजात दळण्यासारखंबी काय न्हाई." ते अजून बोलताना मधेच थांबतात.

दळणे हा त्याचा खास शब्द. एखादा आवाज घ्यायचा, त्याचे कणीएवढे तुकडे करायचे, आणि ते तुकडे कीबोर्डच्या पट्ट्यांवर असे पेरायचे की बोट ठेवलं की भलतंच काही उगवावं. आणि एकदा दळून झालं की मूळ आवाज पुसून टाकायचा. हा त्याचा नियम, सोवळं पाळावं तसा पाळायचा. मूळ आवाज जवळ असला की माणूस सारखा मागे वळून बघतो, धीट होत नाही, म्हणायचा.

मग आईच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. मी रडले. नितीनने माडीवरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या आणि आईला माईकसमोर बसवलं. ऑपरेशनच्या आधीचा तो आठवडा ती तिथंच होती. घसा दुखत असताना बोलत होती. जुन्या जाहिराती म्हणून दाखवल्या, माहेरच्या गमती सांगितल्या, मला आणि त्याला जेवायला हाका मारल्या, अंगाई म्हणताना हसू आलं तर तेही राहू दिलं. मी म्हणाले, आई दमलीस, आता पुरे. तर त्याच्याकडे बघत म्हणाली, "घे बाबा, समदा घे. नंतर न्हाई मिळायचा." मला तेव्हा भावाचा अभिमान वाटला होता. वाटलं, पोरगं वाया गेलं गेलं म्हणत होते सगळे, पण बघा, आईचा आवाज राखायला शेवटी त्याचीच विद्या कामाला आली.

ऑपरेशन झालं. आईच्या गळ्याला खाली एक भोक राहिलं, श्वास तिथून. त्या दिवाळीला मी श्रीगोंद्याला गेले आणि म्हणाले, आईचं ते रेकॉर्डिंग मला पेनड्राइव्हवर दे, कधीमधी ऐकेन. नितीनने मला खोलीत नेलं, माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि एक पट्टी दाबली. पत्र्यावरून काहीतरी ओढत नेल्यासारखा आवाज आला, त्याच्या आत कुणीतरी गुदमरतंय असं वाटणारा. दुसरी पट्टी दाबली तर शंभर माणसं एकदम ठसकली. वाद्याचं नाव म्हणाला, ‘घसा’. आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम. कुठल्याशा देशात एका भुताच्या सिनेमात भिंतीमागून येणाऱ्या आवाजासाठी घेतलंय. मी म्हटलं, ते असू दे, मला मूळचं दे. तर म्हणाला, मूळचं कुठाय? पुसलं. मला आधी वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, असेल तसं यातून काढून दे. तेव्हा तो हसला. "पीठ घिऊन आलीस आन् ज्वारी माघारी मागतीस व्हय ताई?"

आई दारात उभी होती. तिला ऐकू येत होतं, आवाज गेला होता, कान नव्हे. ती काही न करता खाली निघून गेली आणि तिने करंज्या तळायला घेतल्या. त्या भाऊबीजेला मी नितीनला ओवाळलं नाही. तो पाटावर येऊन बसला होता, तसाच उठला. आज तो नाही म्हणून मला त्याचं वाईट वाटायला हवं. वाटत नाही. पुन्हा तीच भाऊबीज आली तरी मी ताट उचलणार नाही.

डॉक्टरांनी आईला गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून भुंग्यासारखे गुणगुणणारे सपाट शब्द येतात, पण कळतात. नितीनला ते यंत्र इतकं आवडलं की ती मीठ मागायला लागली तरी हा माईक पुढं करायचा. पुन्हा म्हण, जरा लांबव. एके दिवशी आईने ते यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि घरात बोलणं बंद केलं. टाळी वाजवायची, ताटलीवर चमचा आपटायची. आणि तरीही सांगायला पाहिजे, की तिच्या गळ्याचं ते भोक रोज सकाळी कोमट पाण्याने पुसायचं काम नितीन करायचा. वर्षानुवर्षं, एक दिवस न चुकता, इतक्या हलक्या हाताने की आई डोळे मिटून बसायची. मला ते बघवायचंही नाही. मी दाराबाहेर उभी राहायचे... या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, त्यांची बेरीज मला अजून जमलेली नाही.

त्या दुपारचं मला बबनकाकांनी सांगितलं, दशक्रियेहून आल्यावर, ओट्यावर बसून, खाली मान घालून. नितीनने दादांचे दोन जुने कर्णे गच्चीवर चढवले होते. आवाजाला वारा लागल्याशिवाय तो कळत नाही म्हणायचा. भर दुपारी सगळी गल्ली दणाणायची. लोकांनी भांडून पाहिलं, हात जोडून पाहिले. शेवटी काकांनी उपाय काढला. आमच्या घराचं मीटर बाहेर जिन्याखाली आहे. आवाज फारच झाला की ते येऊन मेन स्विच खाली ओढायचे, नितीन वरून शिव्या घालायचा, काका घरी जाऊन झोपायचे. गल्ली त्यांना दुवा द्यायची.

त्या दुपारी, आईच्या खाणाखुणांवरून मला कळलं ते असं, नितीनच्या छातीत कळ आली आणि तो खुर्चीतून खाली पडला. आई चहा घेऊन वर आली होती. त्याने तिचं मनगट धरलं, ते तिला सोडवेना, की सोडवावंसं वाटेना. यंत्र खाली कपाटात. ओरडायला घसा नाही. मग तिने मोकळा हात कीबोर्डवर ठेवला. कर्णे चालूच होते. तिने सगळ्या पट्ट्या दाबल्या, पंज्याने, कोपराने. तिचाच आवाज, दळलेला, गच्चीवरून गावभर ओरडत सुटला. समोरच्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. "आमाला वाटलं नितीनचं नेहमीचं चालू झालं," काका म्हणाले. "लई वेळ चाललं हुतं. मग मी आलो आन्..." त्यांनी हाताने बटण खाली ओढल्यासारखं केलं. कर्णे गप्प झाले. काका घरी जाऊन आडवे झाले. माडीवर आई नुसत्या पट्ट्या दाबत राहिली. उन्हं कलल्यावर काकू विरजण मागायला आल्या तेव्हा नितीन गार पडला होता आणि आईचा एक हात त्याच्या हातात होता, दुसरा कीबोर्डवर. लवकर आणलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर तसं म्हणतातच.

तेराव्याला सगळी गल्ली जेवायला होती. काका आईच्या पायावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भात वाढून घेतला आणि जेवली.

सुट्टी लागल्यापासून मी श्रीगोंद्यालाच आहे. खोली तशीच आहे, गोधड्या टांगलेल्या, त्याच्या चहाच्या कपाचे गोल डाग टेबलावर. लॅपटॉप विकून टाकावा असं माझ्या मनात होतं. पण एका दुपारी, जेवणं होऊन सगळीकडे सामसूम असताना, गच्चीवरून तो आवाज सुटला. मी धावत वर गेले. आई नितीनच्या खुर्चीत बसली होती, पंजा पट्ट्यांवर पसरून. तिला काहीही झालं नव्हतं. एवढ्यात जिन्यावर धडधड झाली. काका अनवाणी, धापा टाकत, मागे काकू, मागे निम्मी गल्ली. आईने हात उचलला. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. ते खाली मान घालून गेले.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. आज जाऊ नये असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. आज खरंच काही झालं असलं तर? म्हणून शिवणारी शिवण टाकून येते, जेवणारा खरकट्या हाताने येतो. मी त्या आवाजात आईला शोधते. एखादा ‘आ’, एखादी हाक, काहीतरी... मला काही सापडत नाही. तिला सापडतं का, हे विचारायचं मला धाडस होत नाही. काकांना दमा आहे. परवा ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसूनच राहिले. मग मी आईचा हात धरला आणि म्हणाले, "आई, बास कर. म्हातारा माणूस आहे. एखाद्या दिवशी चढता चढता जीव जाईल त्यांचा."

आईने माझा हात बाजूला केला. कपाटातलं ते यंत्र आता तिच्या कनवटीला असतं, ते काढलं, पदराला पुसलं आणि गळ्याला लावलं. नितीन गेल्यापासून ती पहिल्यांदा बोलली.

"चढू दे," म्हणाली, आणि पुन्हा पट्ट्यांवर हात ठेवला.